घरातला एक हात

“मार तपासायचं मशीन आधी जुळवून घ्यायला तक्रारदाराच्याच घरातल्या एखाद्या बाईचा हात लागेल,” विशेष कोर्टातली ऑपरेटर म्हणाली. “कधीच मार न खाल्लेल्या बाईचा.”

“माझा घ्या,” म्हणत मालनबाई उठल्या. सुनेनं, तृप्तीनं, त्यांच्या मुलावर मारहाणीची केस केली होती आणि मालनबाई मुलाच्या बाजूनं साक्ष द्यायला आल्या होत्या. “आमच्या घरात बाईवर कुणी हात उचलत नाही. ही बाथरूममध्ये घसरून पडली होती.”

“काकू, बांगड्या काढाव्या लागतील.”

“सगळ्या नाही काढायच्या. नवरा आहे माझा.” एक हिरवी बांगडी ठेवून बाकीच्या त्यांनी पदरात घेतल्या आणि हात काचेखाली सरकवला.

पडद्यावर हाडं उमटली. जुना, भरून आलेला मारही या मशीनला निळा दिसे. पहिली निळी रेघ त्या बांगडीच्या अगदी खाली उमटली. दुसरी कोपराजवळ. मग बोटांवर इतक्या उमटल्या, की ऑपरेटरनं घाईघाईनं पडदा बंद केला.

“मशीन बिघडलंय, मॅडम,” ती न्यायाधीशांना म्हणाली. “दुसरं मागवते.”

मालनबाईंनी हात काढून घेतला नाही. समोर तृप्ती आपलं मनगट चोळत बसली होती. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

“मशीन चांगलं आहे, पोरी,” त्या ऑपरेटरला म्हणाल्या. “तुला हवा तसा हात आमच्या घरात मिळायचा नाही.”