गाडीचं दावं

अण्णारावांनी गाडी दान दिली, पण चावी काही दिली नाही.

"आबा, चावी तेवढी द्या," भागवतनं पुन्हा हात पुढं केला. भागवत लातूरचा. दवाखान्याशेजारी रुग्णांच्या नातेवाइकांना फुकट राहायला-जेवायला मिळतं, त्या संस्थेचा माणूस. गाडी न्यायला ट्रक घेऊन आला होता.

"बैल दिला म्हणून त्याचं दावं देतेत का?" अण्णाराव म्हणाले. "नेणारा आपला दोर आपण घेऊन येतो. तू कामून रिकाम्या हातानं आलास?"

भागवतला हसावं की रडावं कळेना. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. लालभडक, बिनछताची, दोनच माणसांची जुनी विलायती एमजी. शेजारच्या नागुबाईनं बोनेटला हळदकुंकू लावून तिला ओवाळलंही होतं.

आता ही गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. भोकरच्या रस्त्याला एकदा ती अशी सुटली, की स्वतःच्या धुरळ्याला मागं टाकून गेली, आणि तो बिचारा धुरळा दिवस मावळेपर्यंत हिमायतनगरात तिचा पत्ता विचारत हिंडत होता. हे अण्णाराव पारावर सांगायचे. कुणी हसलंच तर घरी येऊन आमच्या मंडळींना, रेणुकाबाईंना विचारा म्हणायचे. आणि डाव्या शिटावरून सगळा मुलूख बघितलेल्या रेणुकाबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "हाव, मी बघितला की. मलाच विचारला त्यानं." साक्षीदार मिळाला की थापेलाही वजन येतं. ती साक्षीदार मागच्या वर्षी लातूरच्या दवाखान्यात वारली. तेव्हापासून अण्णारावांनी ना गाडी बाहेर काढली, ना थाप मारली.

"अवो भावजी, गाडी हाय ती, बैल न्हाई," नागुबाई म्हणाली. "आता म्हणाल, जाताना तिला पेंड चारा, शिंगं रंगवा!"

ट्रकवाला हसला. अण्णाराव हसले नाहीत.

"वैनी, जनावर गेलं तरी दावं घरात ठेवत्यात ते कशापायी? दावं राहिलं तर दावणीला दुसरं जनावर येतं. दावं बी गेलं की दावण मोडली."

नागुबाईच्या घरीही तीच रीत होती.

भागवत बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"आबा, गाडीच्या लिलावाला पुण्या-मुंबईचे शौकीन लोक येणार हायेत. गाडी चालू करून दाखवा म्हणतील. न्हाई झाली तर भंगाराच्या भावानं मागतील. त्या पैशातून वरचा मजला काढायचा हाय आमाला. जागा न्हाई म्हणून बाया दवाखान्याच्या जिन्यात झोपून राहिल्या सध्या."

"कोणत्या जिन्यात? टाकीकडच्या?"

"हाव. त्याच."

त्या जिन्यात अण्णाराव स्वतः झोपले होते. रात्रभर माणसं वरखाली करायची, पायाला अडखळायची, आणि अंधारात "माफ करा बाबा" म्हणून पुढं जायची. माफ कुणाला करायचं, तोंडसुद्धा दिसायचं नाही. रेणुकाबाई तिसऱ्या मजल्यावर होत्या. वरून कुणी पळत उतरलं, की आपल्यालाच हाक मारायला येतंय असं वाटून ते उठून बसायचे.

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. चावी भागवतच्या हातात दिली नाही. बोनेटवरच्या हळदकुंकवावर ठेवली.

"घे."

आता नागुबाईच पुढं झाली. "भावजी, ऱ्हाऊ द्या की ती. ते दुसरी करून घेतील. भोकरच्या स्टँडावर चावीवाला बसतोय, मिनटात करून देतो."

"कशाला ठेवू?"

"कशाला म्हंजे... तुमीच म्हणले न्हवं का, दावण..."

"दावणीला आता काय यायचं हाय, वैनी?"

भागवतला यातलं काही कळलं नाही. चावी मिळाली म्हणून तो अण्णारावांच्या पाया पडला आणि गाडीत बसला. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. सगळी गल्ली त्या आवाजानं दारात आली. फळ्यांवरून ती ट्रकवर चढेपर्यंत अण्णाराव तिच्याकडं पाठ करून उभे होते. दिलेल्या जनावराकडं बघायचं नसतं.

ट्रक गेला. पत्र्याच्या शेडात जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. अण्णारावांनी शेडाचं दार ओढलं, पण कडी लावायचं काही त्यांना सुचलं नाही. तिथंच पायरीवर बसून राहिले.

दिवे लागायच्या वेळी नागुबाई आली. हातात एका कालवडीचा दोर. कुणाला काही न विचारता तिनं शेडाचं दार ढकललं आणि कालवड आतल्या खांबाला बांधली.

"हे काय?" अण्णाराव उठले.

"माझ्या गोठ्यात जागा न्हाई."

नागुबाईच्या गोठ्यात तेवढी एकच कालवड होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"सकाळी पाणी पाजा तिला. लई उशीर करू नका, वरडत बसते मंग." आणि ती चालू लागली.

अण्णारावांनी खांबाच्या गाठीला हात लावला. "वैनी, दावं तेवढं सोडून न्या तुमचं."

"ऱ्हाऊ द्या," नागुबाई मागं न बघता म्हणाली.

कालवडीनं तेलाचा डाग हुंगला, एकदा फुरफुरली आणि त्याच्यावरच बसली.