परतीचा रकाना

मढच्या मच्छीमार सोसायटीत नव्या कॉम्प्युटरचा हिरवा ठिपका एकाच रकान्यात लुकलुकत होता: परतीची तारीख. ती भरल्याशिवाय डिझेलची चिठ्ठी छापून येत नव्हती, आणि बाहेर तर ओहोटी लागलेली.

"खंडूभाऊ, सांगा ना, परत कधी?" शिवदासनं तिसऱ्यांदा विचारलं. प्रोग्राम त्याचाच, अंधेरीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून लिहिलेला. ठरल्या दिवशी बोट आली नाही की यंत्रानं बोंब मारायची आणि शोधाला माणसं निघायची. एवढ्यासाठीच तर सोसायटीनं हे धूड आणलं होतं.

खंडू तांडेल पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. रांगेतले बाकीच्या बोटींचे तांडेलही इकडेतिकडे बघू लागले.

"दर्यावर निघालेल्या मानसाला परतीचा दिस असा दर्यासमोर विचारतात का रे?" खंडूची बायको मंजुळा कडाडली. "तुझ्या आयशीनं काय शिकवला नाय?"

"वहिनी, मी नाही, हे मशीन विचारतंय."

"मंग त्याची आयस कोन?"

रांग हसली. शिवदासला हसू येईना. रकाना ठेवावा तर बोटी चिखलात रुतणार, आजची फेरी बुडणार. काढावा तर यंत्र मुकं होणार. खिडकीतून पाणी मागे मागे सरकताना दिसत होतं. बोटं उगाच कळांवरून फिरत होती.

"विठ्ठला, तूच बघ बाबा," तो पुटपुटला आणि सक्तीची ती एक ओळ त्यानं पुसून टाकली. चिठ्ठ्या खडखडत निघाल्या. तांडेल धावत सुटले.

शेवटची बोट दिसेनाशी झाली तरी त्याला खुर्चीत बसवेना. सतरा बोटी, सतरा रिकामे रकाने. आता कुणी आलं नाही, तर या यंत्राला कळणार कसं?

दाराशी बांगड्या वाजल्या. मंजुळा आत आली. मागं बाकीच्या बाया, अगदी मघाच्या तांडेलांसारख्याच रांगेनं. तिनं आधी समुद्राकडची खिडकी लावून घेतली. मग तोंडाशी पदर धरून त्याच्या कानाशी वाकली.

"शनवार. सांजच्या भरतीला," ती कुजबुजली. "लिव आता. आनि मोठ्यानं वाचू नको."