भिशीचा डबा

"आदी डबा उलटा कर, सगल्यांना बगू दे," गोदू म्हणाली. पनवेलच्या मोहल्ल्यात जमिलाची भिशी कित्येक वर्षं चालली होती, तरी गोदूचा हा हट्ट काही सुटत नव्हता. जमिलाने चिडून सगळ्या चिठ्ठ्या चटईवर ओतल्या. ज्यांचा नंबर लागून गेला होता, त्यांच्या चिठ्ठ्या त्यात नव्हत्या. बाकीच्यांची नावं एकेकदाच होती. गोदूने मान डोलावली.

तेवढ्यात जमिलाच्या नवऱ्याचा फोन आला. सुट्टी संपवून नावेद मस्कतला परत निघाला होता. जमिलाने स्पीकर लावला.

"परत मलाच बाजूला घेतलंय," तो विमानतळावरून हळू आवाजात म्हणाला. "बूट काढले, अख्खी बॅग उपसली. दर वेळचंच आहे."

मागून तपासणी अधिकाऱ्याचा आवाज आला, "अहो, हे रँडम असतं. चिठ्ठी काढल्यासारखं. कुणाचाही नंबर लागतो."

अधिकाऱ्यालाही ऐकू जावं म्हणून जमिलाने फोन तोंडाजवळ धरून आवाज चढवला.

"साहेब, मी भिशी चालवते. एकदा नंबर लागला की ती चिठ्ठी आम्ही परत डब्यात टाकत नाही."

"जमिला, राहू दे. विमान सुटेल माझं."

"सुटू दे. साहेब, तुमच्या डब्यात माझ्या नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाची चिठ्ठी आहे का?"

गोदूने फोन आपल्याकडे ओढला.

"सायेब, आदी डबा उलटा कर. सगल्यांना बगू दे."