शेवटच्या रांगेतला प्रेक्षक

तिसऱ्या दिवशी हेमावतीने एसी बंद करायला सांगितला.

"बाहेर त्रेचाळीस हाय, म्याडम," प्रोजेक्टर चालवणारा गुरुराज म्हणाला. "एवढा एक प्रेक्षक, त्यालाबी शिजवायचं का?"

"तो एसीसाठी येतोय की सिनेमासाठी, ते एकदा कळू दे."

सोलापुरातल्या त्या लहानशा कलासंग्रहालयात आशियाई अॅनिमेशन आणि चित्रपटांचा सप्ताह चालू होता. सप्ताह म्हटल्यावर चौघा-पाचजणांनी फोन करून महाप्रसाद कधी, ते विचारून घेतलं होतं. उद्घाटनाला शंभर माणसं आली. नाश्ता झाला, माणसं गेली. उरला बिरप्पा. साठीचा, धोतर-पटक्यातला. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. खेळाच्या दहा मिनिटं आधी यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचा. म्हणजे एकटाच उठायचा.

संग्रहालय चालवणाऱ्या ट्रस्टला या सभागृहाचं कोठार करायचं होतं. हेमावतीने पुण्याची नोकरी सोडून अकरा वर्षं ते सांभाळलं होतं. ती अध्यक्षांपुढे चक्क रडली. अध्यक्ष दिलदार. म्हणाले, "सातही दिवस येणारा एक प्रेक्षक दाखवा. सभागृह तुमचं."

एसी बंद झाला. बिरप्पाने पटका काढून मांडीवर ठेवला, त्यानेच मान पुसली आणि अडीच तासांचा जपानी चित्रपट शेवटच्या नावापर्यंत पाहिला.

"ह्यो खरा रसिक," गुरुराजने मान्य केलं आणि एसी लावला.

पाचव्या दिवशी मंगोलियाचं हाताने चितारलेलं अॅनिमेशन होतं. म्हातारा मेंढपाळ, वादळ, हरवलेली मेंढी. दिवे लागले तेव्हा बिरप्पा डोळे पुसत होता.

"आवडलं का, मामा?" हेमावतीने विचारलं.

"मेंढरू हुबेहूब काढलंय की. आमची चाळीस गेली, एका गारपिटीत. त्यातलंच एक वाटलं बगा." मग म्हणाला, "उद्याबी हाय न्हवं?"

"आहे तर! तुम्ही मात्र नक्की या."

"यावंच लागतंय की, ताई."

हेमावती गुरुराजला म्हणाली, "ऐकलंस? यावंच लागतं म्हणाला. याला म्हणतात ओढ." त्या संध्याकाळी तिने पुढच्या वर्षीच्या चित्रपटांची यादीसुद्धा करायला घेतली.

सातव्या दिवशी समारोपाला अध्यक्ष आले. फोटोग्राफर आला. शाल-श्रीफळ आलं. हेमावतीने माइक हातात घेतला.

"सातही दिवस, प्रत्येक खेळाला हजर राहिलेले आपले प्रेक्षक! मामा, पुढे या. तुमच्यामुळे हे सभागृह राहिलं."

बिरप्पा उठला, पण पुढे आला नाही. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे.

"ताई, मी ट्रस्टच्या चिंचोळीच्या गोदामावर वॉचमन हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "किती माणसं येत्यात ते मोजायला सायबांनी मला धाडलं हुतं. मी काल फोनवर इचारलंबी, मला एकट्याला धरू का म्हणून. सायेब म्हनले, मोजणाऱ्याला धरायचं न्हाय."