नवे पिस्टन

बेजा शहरातल्या इस्पितळातून परतल्यावर मोंजीनं जुना ट्रॅक्टर अंगणात आणून त्याचं इंजिन उघडलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं बायकोला, सलूहाला, सांगितलं नव्हतं आणि तिनंही धास्तीपोटी विचारलं नव्हतं. खोकत, मधेच दम खात तो सिलिंडरमधल्या झिजलेल्या स्लीव्ह काढायचा, नव्या ठोकून बसवायचा, त्यांत नवे पिस्टन उतरवायचा. ती जवळ बसून पाने हातात द्यायची. नवऱ्याला एवढी उमेद आहे म्हणजे दुखणं साधंच असणार, असं तिला दिवसेंदिवस वाटू लागलं.

अखेर इंजिन सुरू झालं. ना धूर, ना खडखड.

"आता वीस वर्षं याच्याकडे बघायला नको," मोंजी हात पुसत म्हणाला.

"म्हणजे वीस वर्षं माझी हरिसाची चटणी तिखट म्हणून कुरकुरायला तू मोकळा!" सलूहा हसली. "चल, बस वर. गव्हाच्या रानाला एक चक्कर मारून ये."

मोंजी हसला नाही. त्यानं तिचा दंड धरून तिलाच सीटवर चढवलं.

"डाव्या पायाखाली क्लच आहे," तो म्हणाला. "मी आहे तोवर शिकून घे."