हलका हात

नव्या सुनेला आणायला म्हसावदला मोटार जाणार होती. सासूने, म्हणजे मी, घरीच थांबायचं, ही आमच्या घरची रीत. गावात वीज येताच यांनी सुरतेहून पॉलिशचं मशीन आणलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हाती धरलं, नांगर दाबावा तसं बॉनेटवर दाबलं. मशीन किंचाळलं, लोकरीची चकती गरगरली, काळ्या रंगावर भाकरीएवढा पांढरट डाग उठला. यांचा चेहराही तसाच. “सरका,” मी पदर खोचला. “इतला जोर कसाले?” “हाई मोटार शे, हंडा नही!” हे ओरडले. पण तीस वर्षं हंडे घासून माझा हात हलका झाला होता. मशीन घेऊन नुसतं फिरू दिलं. डाग विरला, बॉनेटमध्ये आमचा दारचा निंब डोलू लागला. मी नाचायचीच बाकी होते! हे खाकरले. “वाटेमा धूळ बसी. पुसाले कोणी पाहिजे. चाल.” नवं लुगडं मी सकाळीच काढून ठेवलं होतं.