बाकावरची शेवटची जागा

सामन्याआधी फुटबॉल संघातल्या सगळ्याजणी लांब बाकावर आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीमागं एक बसत आणि जी ती पुढचीची घट्ट वेणी घाली. नव्या गोलकीपरनं मात्र केस डोळ्यांवर येतात म्हणून कालच पार कानांच्या वर कापून टाकले होते. आता आपलं तिथं काय काम, असं वाटून ती दाराशीच बुटांच्या नाड्या उगाच सोडत, बांधत राहिली. “ए टकलू, कसला मुहूर्त बघतेयस?” शेवटी बसलेल्या कॅप्टनताईनं हाक मारली. “माझ्यामागं बस.” “पण ताई, मला केसच कुठायत?” “म्हणून तर! शेवटचीची वेणी घालायला कुणी उरत नाही. माझी मीच घालते, आणि मध्यंतरापर्यंत नुसत्या झिंज्या!” तिनं रबरबँड मागं धरला. “येते ना वेणी?” “धाकट्या बहिणीची रोज घालते.” गोलकीपरनं हातमोजे बाजूला ठेवून बाकावर टांग टाकली. ताईनं निवांत डोळे मिटले.